देवनागरी आदेशांवर चालणाऱ्या बेसिकचा इंटरप्रिटर कसा लिहावा

बेसिक ही संगणकाला आदेश देण्याची भाषा जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये १९६४ साली तयार केली. विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू होता. तोच हेतू मराठी मुलांसाठी पुढे न्यायचा, तर आदेश देवनागरीत स्वीकारणारा इंटरप्रिटर हवा, म्हणजे लिहिलेली ओळ वाचून ती तिथल्या तिथे अमलात आणणारा प्रोग्राम. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळख असलेल्या कोणालाही तो लिहिता येतो.

सुरुवातीला भाषेची मर्यादा ठरवावी. लेट, प्रिंट, इनपुट, इफ, देन, गोटू, गोसब, रिटर्न आणि एन्ड एवढे आदेश आणि एकाक्षरी चल, म्हणजे किंमत साठवणारी नावे, पुरेसे आहेत. लेट चलाला किंमत देतो, इनपुट ती वापरणाऱ्याकडून घेतो, प्रिंट छापतो, इफ-देन अट तपासतो, गोटू दिलेल्या ओळीवर उडी मारतो, गोसब तशीच उडी मारतो पण रिटर्न आल्यावर परत येतो, आणि एन्ड प्रोग्राम थांबवतो. डोळ्यांसमोर एक खरा हिशोब ठेवावा. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे ३० किलोचे रवे, म्हणजे ढेपा, येतात आणि दर क्विंटलमागे बोलला जातो. तो दर ४००० रुपये धरला, तर प्रोग्राम असा होईल (र म्हणजे रव्यांची संख्या, व म्हणजे किलोतले वजन, क म्हणजे रुपयांतली किंमत):

१० इनपुट र
२० लेट व = र * ३०
३० लेट क = व / १०० * ४०००
४० प्रिंट क
५० इफ क > ० देन गोटू १०
६० एन्ड

आता अंकगणिताचा निर्णय घ्यावा, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला हाच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. १९७५ च्या सुमारास छोट्या संगणकांसाठी पुढे आलेल्या टायनी बेसिकमध्ये केवळ पूर्णांक होते. तसे केल्यास सात रव्यांचे २१० किलो शंभराने भागताना २.१ ऐवजी २ उरतात आणि शेतकऱ्याला ८४०० ऐवजी ८००० रुपये मिळतात. आधी गुणून मग भागावे म्हटले, तर मधली संख्या ८,४०,००० होते, जी त्या काळच्या सोळा बिटांच्या पूर्णांकांच्या ३२,७६७ या मर्यादेत मावत नाही. म्हणून दशांश अपूर्णांक ठेवावेत आणि उत्तर पूर्णांक असेल तेव्हा छापताना दशांश चिन्ह गाळावे.

ओळी साठवणे सोपे आहे. क्रमांक आणि मजकूर यांची डिक्शनरी, म्हणजे क्रमांकावरून मजकूर शोधता येणारी पायथनमधली यादी, करावी. तोच क्रमांक पुन्हा आला तर जुनी ओळ बदलावी, नुसता क्रमांक आला तर ती पुसावी, आणि क्रमांकच नसेल तर आदेश लगेच चालवावा.

त्यानंतर ओळीचे टोकन, म्हणजे शब्द, संख्या आणि चिन्हे असे सुटे तुकडे, पाडावेत. येथे देवनागरीची एक अडचण आहे. पायथनचे इझअल्फा हे फंक्शन ‘प’ला अक्षर मानते, पण वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांना मानत नाही, त्यामुळे ‘प्रिंट’ शब्द मध्येच तुटतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक चिन्हाचा युनिकोड वर्ग (युनिकोड या लिपिचिन्हांच्या प्रमाणातला त्याचा प्रकार) तपासून या चिन्हांनाही शब्दाचा भाग धरणे. अंकांची मात्र चिंता नको, कारण पायथनचे इंट ‘३०’ सरळ वाचते. <= आणि <> ही जोडचिन्हे एकेरी चिन्हांच्या आधी तपासावीत.

गणिती राशीसाठी तीन फंक्शन लिहावीत: पहिले बेरीज-वजाबाकी पाहते आणि प्रत्येक पदासाठी दुसऱ्याला बोलावते, दुसरे गुणाकार-भागाकार पाहते, तर तिसरे संख्या, चल किंवा कंस वाचते आणि कंस आढळल्यास पुन्हा पहिल्याला बोलावते. पहिल्या दोन फंक्शनांत लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारी रचना) चालवून डावीकडून उजवीकडे उत्तर साठवत जावे. त्याऐवजी उजव्या बाजूसाठी त्याच फंक्शनला पुन्हा बोलावले, तर १० - ४ - ३ चे उत्तर ३ ऐवजी ९ येते.

प्रोग्राम चालवताना क्रमांकांची चढती यादी करून चालू ओळीचे स्थान एका चलात ठेवावे. गोटू ते स्थान बदलतो. गोसब परतीचे स्थान स्टॅकवर, म्हणजे शेवटी ठेवलेले आधी निघते अशा यादीवर, ठेवतो आणि रिटर्न ते काढून घेतो. चूक दाखवणाऱ्या प्रत्येक संदेशात ओळीचा क्रमांक द्यावाच, कारण नवशिक्याला ‘ओळ ३०: शून्याने भागाकार’ एवढ्यावरून चूक सापडते.

आता वरचा प्रोग्राम चालवून ७ द्यावेत. ८४०० मिळायला हवेत, आणि शून्य दिल्यावर प्रोग्राम थांबायला हवा. हे जमले की मधल्या ओळी ठरावीक वेळा चालवणारे फॉर आणि नेक्स्ट हे आदेश जोडावेत. त्यासाठी चल, शेवटची किंमत, पायरी आणि परतीचे स्थान स्टॅकवर ठेवावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकमध्ये मर्यादा आधीच ओलांडलेली असली तरी लूप एकदा चालत असे. बेसिकच्या १९७८ च्या अमेरिकन प्रमाणाप्रमाणे मात्र अट आधी तपासली जाते. नव्या इंटरप्रिटरसाठी मी दुसरी पद्धत सुचवेन, म्हणजे रवे शून्य असताना एकाही रव्याचा हिशोब छापला जाणार नाही.