पॉवर लिमिट लागत नाही, लागली तर टिकत नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत डाय-पॅटर्नची ड्रॉइंगं करणाऱ्या ऑफिसांत एप्रिल-मे आला की तोच प्रकार. रेंडर लावलं की ग्राफिक्स कार्ड तापतं, पंखे बोंब मारतात. मग कुणीतरी टर्मिनल उघडून कार्डाचे वॉट कमी करायला, म्हणजे पॉवर लिमिट लावायला जातं. कमांड लागत नाही, किंवा लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खाली उबुंटू लिनक्स आणि एनव्हिडियाचं कार्ड धरलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत; टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरायची. जिथं ‘डॅश’ म्हटलंय तिथं आधी एक जागा सोडून आडवी रेघ द्यायची.

पहिल्यांदा नुसतं एनव्हिडिया-एसएमआय टाइप करा (मधे आडवी रेघ, जागा नाही). तक्ता आला, त्यात कार्डाचं नाव, तापमान आणि ‘इतके वॉट / तितके वॉट’ अशी जोडी दिसली, तर ड्रायव्हर जागेवर आहे. तक्त्याऐवजी एरर आली तर लिमिटचा विचार बाजूला ठेवा. भांडण तिथंच आहे.

ड्रायव्हर आणि लायब्ररीची व्हर्जन जुळत नाही असं म्हणत असेल तर मागं अपडेट झालंय आणि मशीन रीस्टार्ट झालेलं नाही. जुना ड्रायव्हर मेमरीत, नवीन फायली डिस्कवर. रीस्टार्ट करा, बास.

‘ड्रायव्हरशी संपर्क होत नाही’ ही एरर जास्त छळते, कारण तिच्यामागं तीन वेगळी कारणं असू शकतात. एलएसपीसीआय डॅश के चालवा आणि कार्डाच्या ओळीखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते बघा. तिथं नुवो (लिनक्सबरोबर आपसूक येणारा दुसरा ड्रायव्हर) दिसला तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसलेलाच नाही; सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल ही कमांड चालवून (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने) रीस्टार्ट करा. काहीच दिसत नसेल तर दोन शक्यता उरतात. एक, कर्नल (उबुंटूचा गाभा) नवीन आला आणि त्याच्यासाठी मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग, तयार झालं नाही. यूनेम डॅश आर ने चालू कर्नल कळतो, डीकेएमएस स्टेटस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा तयार करणारं साधन) मध्ये त्याच नंबरासमोर एनव्हिडियाची ओळ हवी. नसेल तर लिनक्स-हेडर्स-जेनेरिक हे पॅकेज टाकून सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल द्या. (उबुंटूची तयार मॉड्यूलं वापरत असाल तर डीकेएमएसची यादी रिकामी दिसते, त्यात बिघाड नाही.) दुसरी शक्यता सेक्युअर बूट, म्हणजे ओळख न पटलेलं मॉड्यूल चढू न देणारी सोय. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो. तिथं ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. घाईत लोक ‘कंटिन्यू’ दाबतात आणि मॉड्यूल दाराबाहेरच राहतं. मोकयूटिल, मग दोन आडव्या रेघा आणि एसबी-स्टेट, एवढं टाइप केलं की सेक्युअर बूट चालू आहे का ते कळतं.

तक्ता आला की कार्डाची मर्यादा विचारा: एनव्हिडिया-एसएमआय डॅश क्यू डॅश डी पॉवर. यातला ‘पॉवर’ तेवढा कॅपिटलमध्ये. किमान, कमाल आणि डीफॉल्ट असे तीन आकडे मिळतील. आरटीएक्स ३०६० चा डीफॉल्ट १७० वॉट असतो. किमानाच्या खाली किंवा कमालाच्या वर कार्ड जात नाही, आणि एररमध्येच ‘इथपासून इथपर्यंत’ असं सांगतं. बरेच जण ती ओळ वाचत नाहीत आणि ड्रायव्हर बदलत बसतात.

आता सुडो एनव्हिडिया-एसएमआय डॅश पीएल १३०. सुडो विसरलात तर परवानगी नाही असं उत्तर येतं. दोन कार्डं असतील तर डॅश आय ० किंवा १ जोडा, नाहीतर लिमिट दोन्हींना लागते. लॅपटॉपच्या बऱ्याच कार्डांना ही सोयच नसते. तिथं डोकं आपटू नका.

हा आकडा ड्रायव्हरच्या मेमरीत राहतो, कार्डावर लिहिला जात नाही. म्हणून रीस्टार्टला जातो. मॉनिटर नसलेल्या मशीनवर तर कुणी कार्ड वापरत नसलं की ड्रायव्हर खाली उतरतो आणि लिमिटही त्याच्याबरोबर जाते. त्यावर सुडो एनव्हिडिया-एसएमआय डॅश पीएम १. रोजच्यासाठी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारं साधन: सुडो क्रॉनटॅब डॅश ई उघडून एक ओळ: ॲटच्या चिन्हाला चिकटून रीबूट, जागा, स्लीप ३०, दोन अँपरसँड, मग स्लॅश यूएसआर स्लॅश बिन स्लॅश एनव्हिडिया-एसएमआय डॅश पीएल १३०. तीस सेकंद ड्रायव्हर चढायला. पत्ता पूर्ण द्या, क्रॉनला अर्धा पत्ता सापडेलच असं नाही. विंडोजवर हेच टास्क शेड्युलरमधून, ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने.

लिमिट लागली, तरी काम अडखळतंय? रेंडर चालू ठेवून एनव्हिडिया-एसएमआय डॅश क्यू डॅश डी परफॉर्मन्स (हाही कॅपिटल) बघा. क्लॉक (कार्डाचा वेग) का खाली आलं याची कारणं तिथं ‘ॲक्टिव्ह’ दिसतात. सॉफ्टवेअर पॉवर कॅप ॲक्टिव्ह असणं म्हणजे तुमचीच लिमिट काम करतेय. तक्रार करू नका, हवं तर आकडा दहा-दहा वॉटनी वाढवा. थर्मल स्लोडाऊन असेल तर दोष उष्णतेचा. पॉवर ब्रेक दिसला तर एसएमपीएस आणि कार्डाची केबल तपासा: स्लॉट ७५ वॉटच देतो, आठ पिनची केबल १५० वॉट. बाकी सगळं तिच्यावर.

उष्णतेचं कारण इथं बहुतेकदा धूळच. फाउंड्री आणि ग्राइंडिंगच्या आसपास तीत लोखंडाची भुकटीही असते. ती हीटसिंक तर बुजवतेच, शिवाय तिच्यातून वीज वाहते, म्हणून बोर्डावर साचू देणं धोक्याचं. मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली, ब्लोअर व्हरांड्यात. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं भन्नाट फिरलं तर बेअरिंग खराब होतं. साफ केल्यावर तेच रेंडर लावून वॉच डॅश एन १ एनव्हिडिया-एसएमआय चालू ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं तापमान कुठं थांबतं ते बघा. पहिल्या दोन मिनिटांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तेवढ्यात हीटसिंक नीट तापलेलाही नसतो.