जलचक्र शिकवताना या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलेय)

चौथीला जलचक्र घ्यायचं म्हटलं की आपण काय करतो, फळ्यावर एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, वर हसरा सूर्य आणि चार बाण. मुलं तेच काढतात, पैकीच्या पैकी मार्क, विषय संपला. मी एकदा सहज विचारलं, सकाळी पुसलेली फरशी आता कोरडी कशी, पाणी कुठे गेलं? "मुरलं बाई." शहाबादी फरशीत! आणि वर्गातला हुशार मुलगा म्हणाला ढगात गेलं. खिडक्या बंद होत्या हो वर्गाच्या.

तर माझ्या मते मूळ घोळ इथेच आहे, पाण्याची वाफ डोळ्याला दिसत नाही आणि आपण ते मुलांना कधी सांगतच नाही. फरशीवरचं पाणी आत्ता याच खोलीतल्या हवेत आहे, तुमच्या नाकासमोर, हे एकदा पटलं की पुढचं सोपं जातं. त्यामुळे चित्र शेवटी काढा. बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं), सांद्रीभवन (वाफेचं परत पाणी होणं) हे शब्दसुद्धा नंतर द्या (सांद्रीभवनाला काही पुस्तकात संघनन म्हणतात, तेच ते, एक धरा आणि तोच वापरा).

दुसरी चूक म्हणजे उकळत्या पातेल्यापासून सुरुवात. एक तर पोरांना वाटतं पाणी उकळल्याशिवाय उडतच नाही, आणि वर आपण त्या पांढऱ्या धुराकडे बोट दाखवून म्हणतो ही बघा वाफ! ते तर पाण्याचे बारीक थेंब. कुकरची शिट्टी होते तेव्हा लांबून बघा, भोकाच्या अगदी लगत काहीच दिसत नाही, पांढरं जरा वर गेल्यावर दिसतं. त्यापेक्षा दोन सारखे रुमाल भिजवून एक पसरून आणि एक घडी करून ठेवा, मधल्या सुट्टीपर्यंत काम होतं.

थंड ग्लासचा प्रयोग सगळे करतात, आणि निम्म्या मुलांना वाटतं पाणी आतून पाझरलं. माठ बघितलेली पोरं आहेत, त्यांचं काय चुकलं? ग्लासात थंडगार कोकम सरबत ओता, बाहेरचे थेंब लाल आले का ते बोटाने पुसून बघू दे. थेंबच आले नाहीत तर घाबरू नका, विदर्भात एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ग्लासाला घाम फुटणं अवघडच, हा प्रयोग जुलैत ठेवा. बरणीत गरम पाणी आणि वर बर्फाची ताटली, त्यातही हीच भानगड, मुलं म्हणतात बर्फ गळतोय. बर्फच रंगीत करा. आणि पाणी कढत नको, काच तडकते.

थोडं पाणी घालून, तोंड बंद करून खिडकीला चिकटवायची झिपलॉक पिशवी, तो प्रयोग चालला नाही म्हणून बऱ्याच जणी विचारतात. बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं, तीन-चार चमचे पुरे, आणि खिडकी उन्हाची हवी. पाण्यात निळा रंग टाकला की वर जमलेले थेंब बिनरंगाचे येतात आणि पोरं हिरमुसतात, "बाई पाऊस निळा नाही आला". हाच तर खरा क्षण! रंग खालीच राहिला, तसंच मीठ राहतं. उरण-पेणकडच्या मिठागरांचा फोटो दाखवा, समुद्राचं पाणी खारं पण पाऊस गोडा कसा, हे उत्तर वर्गातूनच येतं.

ढग एकमेकांवर आपटले की पाऊस पडतो, हे मुलं घरूनच शिकून येतात. आपटत बिपटत नाहीत, बारीक थेंब एकत्र येऊन जड झाले की खाली येतात. पण "ढग म्हणजे वाफ" ही चूक मात्र आपली बरं का. ढग म्हणजे थेंबच, खूप उंचावर बर्फाचे कण. आंबोली घाटात पावसाळ्यात धुक्यातून गेलेला कुणी वर्गात असेल तर त्याला सांगा, तू ढगात जाऊन आलायस.

सगळ्यात दुर्लक्षित भाग जमिनीखालचा. चित्रात आपण खाली निळा पट्टा रंगवतो, मग मुलांना वाटतं खाली तळं आहे. आपल्याकडे बऱ्याच भागात खाली काळा पाषाण, पाणी असतं ते मुरमात आणि दगडाच्या भेगांत. ग्लासात खडी भरून पाणी ओतून दाखवा. शेतकऱ्याची मुलं असतील तर विहिरीला झरा कुठून लागतो ते तुम्हालाच समजावतील, त्यांना बोलू द्या.

आणि "चक्र" म्हटल्यावर थेंब ठरलेल्या रांगेतच फिरतो असं मुलं धरतात. समुद्रात पडलेला पाऊस डोंगर बघतच नाही, झाडाने ओढलेलं पाणी पानातून परत हवेत जातं. शिवाय सगळीकडे सारखाच पाऊस पडतो असंही वाटतं. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिमीच्या वर आणि पूर्वेकडे दहिवडीला 500 च्या आसपास, हे आकडे फळ्यावर लिहा आणि का ते विचारून गप्प बसा.