तीन छर्रे, एक लेव्हल नळी आणि आठवण ठेवणारा रेझिस्टन्स

मेमरिस्टर, म्हणजे आपल्यातून किती करंट गेला ते आठवणीत ठेवणारा रेझिस्टन्स, विकत आणायला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊ नका, सायकलच्या दुकानात जा. आमच्या इचलकरंजीत थोरल्या भावाचं सायकल दुकान आहे. मी तिथून दोन सुती, म्हणजे पाव इंची छर्रे आणतो. मागच्या चाकाच्या हबमध्ये असतात तेच. ओंजळभर घेतले तरी भाऊ पैसे घेत नाही, फक्त विचारतो, "आता काय नवीन काढलंस?"

मी एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. खाली दिलंय ते घरातल्या टेबलावर करून बघितलेलं आहे, आणि त्यातले आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमचे तंतोतंत तेच येणार नाहीत. ते का येत नाहीत, यातच या प्रयोगाचं सगळं मर्म आहे.

सामान थोडंच लागतं. छर्रे नऊ. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी, आतून बोल्टपेक्षा किंचित बारीक, तिचे बोटभर लांबीचे तीन तुकडे. अडीच सुती लोखंडी बोल्ट सहा, पण चकचकीत पॉलिश केलेले नकोत, काळे साधे घ्या. 9 व्होल्टची बॅटरी, टॉर्चचा एक सेल, क्रोकोडाइल पिना आणि 10 के, 2.2 के, 470, 150, 10 ओहम असे पाच रेझिस्टन्स (के म्हणजे हजार ओहम). मीटर साधा डिजिटल चालतो, दोन असले तर बरं.

पहिला घोटाळा ग्रीसचा होतो. नवे छर्रे तेलकट असतात आणि तेलाचा थर मध्ये असला की मीटर काहीही दाखवतो. रॉकेल हल्ली मिळत नाही म्हणून मी थिनरने धुतो. गच्चीवर, उघड्यावर, आणि पुढे लायटरचा खेळ आहे म्हणून थिनरची बाटली घरात आणायचीच नाही. धुतलेले छर्रे कापडावर दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत राहू द्या. पॉलिश पेपर अजिबात मारू नका. पोलादावर हवेमुळे जो ऑक्साइडचा पातळ पापुद्रा बसतो, तोच आपल्याला हवा आहे. मी पहिल्यांदा हौसेने घासून चकाचक केले आणि संध्याकाळभर सरळ तारेसारखं वागणाऱ्या छर्ऱ्यांकडे बघत बसलो.

बोल्टची टोकं मात्र कानशीने सपाट करा. एक बोल्ट नळीत पिळून आत घाला, नळी मऊ असल्याने तो स्वतःचे आटे स्वतः पाडतो. मग तीन छर्रे सोडा आणि दुसऱ्या बाजूने दुसरा बोल्ट पिळत आणा. छर्रे हलायचे थांबले की तिथेच थांबा. आणखी अर्धा आटा पिळलात तर पापुद्रा फुटतो आणि सगळं मुसळ केरात. आता मोजा: बोल्ट-छर्रा, छर्रा-छर्रा, छर्रा-छर्रा, छर्रा-बोल्ट. स्पर्शाच्या जागा चार. हा चार आकडा ध्यानात ठेवा.

जोडणी शाळकरी आहे. बॅटरी, 10 केचा रेझिस्टन्स आणि नळी, सगळं एका ओळीत. मीटर व्होल्टवर ठेवून नळीच्या दोन टोकांना लावायचा. ओहमच्या रेंजवर चुकूनसुद्धा लावू नका. त्या रेंजला मीटर स्वतःच करंट सोडतो आणि तुम्ही मोजायच्या आधीच छर्ऱ्यांना काहीतरी शिकवून बसतो.

माझ्या पहिल्या नळीवर 10 के असताना 1.1 व्होल्ट आले. म्हणजे करंट 0.79 मिलिअँपियर, नळीचा रेझिस्टन्स 1390 ओहम. 10 के काढून 2.2 के लावला: 1.4 व्होल्ट, हिशेबाने 405 ओहम. मग 470 लावला: 1.5 व्होल्ट, 94 ओहम. करंट वीसपट झाला आणि व्होल्टेज दीडपटही वाढलं नाही. पोलादाच्या अशा प्रत्येक स्पर्शावर व्होल्टेज साधारण 0.4 च्या पुढे जात नाही, कारण तिथला कणभर धातू इतका तापतो की वितळून बारीकसा सांधा तयार होतो. चार जागा गुणिले 0.4 म्हणजे 1.6. माझे 1.5 त्याच्या जवळ आहेत, यावर मी बेहद्द खूश झालो होतो.

आता खरी गंमत. सुरुवातीचा तोच 10 केचा रेझिस्टन्स परत लावा. मघाशी 1.1 व्होल्ट होते. या खेपेला मीटरवर 0.084. बॅटरी तीच, नळी तीच, 10 केही तोच, आणि उत्तर तेराव्या हिश्श्यावर आलं. नळीला आठवतंय की आपल्यातून एकदा 16 मिलिअँपियर गेले होते. बॅटरी काढून जेवून या, परत लावा, तरी 0.084 च्या आसपासच. विसरायला लावायचं असेल तर पेन्सिलने नळीवर टकटक दोन टिचक्या. सांधे तुटतात, पाटी कोरी.

या टिचकीपायीच माझा आठवडा वाया गेला. आमच्या भिंतीला लागून माग आहेत. सोळा माग एकदम खटखटायला लागले की टेबलासकट छर्रे थरथरतात आणि शिकवलेलं सगळं विसरतात. मग पाळी बदलताना माग थांबले की पळत जाऊन रीडिंग घ्यायचं, असं चाललं होतं. शेवटी आईच्या जुन्या वाकळेची चौपदरी घडी टेबलावर घातली आणि नळ्या तिच्यावर ठेवल्या. पुण्या-मुंबईच्या लोकांना ही अडचण नसेल, पण खाली जिना किंवा लिफ्ट असेल तर वाकळ घालाच.

दुसरा धक्का स्वयंपाकघरातून आला. 10 के लावलेला होता, मीटर 1.1 दाखवत होता आणि हिने गॅस पेटवायला लायटर दाबला. टक् झालं आणि मीटर 0.2 वर. आधी वाटलं पिन निसटली. परत टिचकी मारली, 1.1 आले, हिला म्हटलं अजून एकदा दाब. परत 0.2. लायटरच्या ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात आणि त्या तारांत शिरून पापुद्रा फोडायला पुरतात. याच युक्तीवर जगातले पहिले रेडिओ चालले. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रान्लीने 1890 साली लोखंडाच्या किसात हा गुण पाहिला. 1899 साली जगदीशचंद्र बोसांनी लोखंड आणि पारा वापरून स्वतःचा कोहिरर, म्हणजे रेडिओ लहरी टिपणारा असाच सांधा, केला. त्या काळी संदेश टिपून झाला की कोहिररला टिचकी मारायला छोटी हातोडी असायची.

मेमरिस्टर हे नाव फार पुढे आलं. लिऑन चुआ या शास्त्रज्ञाने 1971 मध्ये कागदावर दाखवलं की रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर यांच्या पंगतीत चौथं पान रिकामं आहे. 2008 मध्ये एचपी या कॉम्प्युटर कंपनीच्या अमेरिकेतल्या पालो आल्टो इथल्या लोकांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात तो सापडल्याचं जाहीर केलं. आणि 2013 मध्ये गौरव गांधी, वरुण अग्रवाल आणि स्वतः चुआ यांनी लिहिलं की जुने कोहिरर हे मेमरिस्टरच होते. तेव्हा तुमची लेव्हल नळी खानदानी आहे. चुआंच्या मूळ व्याख्येत ती काटेकोर बसत नाही, 1976 साली त्यांनी केलेल्या सैल व्याख्येत बसते. एवढ्यावरून भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं.

आता तीन नळ्यांचा न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशीची ढोबळ नक्कल, करू. पहिली नळी फक्त 10 के लावून शिकवा, दुसरी 2.2 केपर्यंत, तिसरी 470 पर्यंत. माझ्याकडे अनुक्रमे 1390, 405 आणि 94 ओहम झाले. हीच आपली वजनं. मेंदूत दोन पेशींच्या सांध्यावर जे कमी-जास्त घट्ट होतं ते, अगदी ढोबळमानाने. बॅटरी बाजूला ठेवा. टॉर्चच्या सेलला 150 आणि 10 ओहम एका ओळीत लावा आणि 10 ओहमवर मिळणारे 0.094 व्होल्ट तिन्ही नळ्यांना एकदम द्या. इतक्या कमी व्होल्टला नळ्या नवीन काही शिकत नाहीत, फक्त आठवलेलं सांगतात. तिघींची दुसरी टोकं एकत्र बांधून मीटरच्या मिलिअँपियर रेंजमधून परत सेलकडे न्या. प्रत्येक नळीत व्होल्टेजचा आणि वजनाचा गुणाकार होतो आणि गाठीपाशी बेरीज. हिशेबाने 1.30 मिलिअँपियर यायला हवे, मला 1.02 मिळाले, कारण मीटरचे स्वतःचे 10 ओहम आणि 150-10 च्या जोडीचे 9 मध्ये आडवे येतात. ते धरले की हिशेब बरोबर जुळतो. एखाद्या नळीची पिन काढली, म्हणजे तिचा इनपुट शून्य. आठही प्रकार करून वहीत लिहा.

इथे कुठेही प्रोसेसर नाही, आणि मेमरीतून आकडा आणून परत नेऊन ठेवण्याची ये-जा नाही. आकडा जिथे साठलाय तिथेच गुणाकार झाला. आपल्या कॉम्प्युटरची वीज त्या ये-जा करण्यातच फार जाते, आणि मेंदू साधारण 20 वॅटवर भागवतो. मेमरिस्टरच्या चिपांमागे लोक लागलेत ते यासाठी.

बारावीतली भाची हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "मामा, मग कॉम्प्युटरला जे कधीच जमणार नाही ते याला जमेल का?"

प्रश्न बावळट नाही. एखादा प्रोग्रॅम थांबेल की कायम फिरत राहील, हे कुठल्याही प्रोग्रॅमबद्दल सांगणारी एकच रीत असू शकत नाही, हे ॲलन ट्यूरिंग या गणितज्ञाने 1936 साली सिद्ध केलं. छर्रे या मर्यादेच्या पलीकडे जातील का? उत्तराचा पहिला अर्धा भाग तीन वाट्यांनी करता येतो. सुलटी वाटी म्हणजे 1, पालथी म्हणजे 0. 'क मधून ख' ही एकच क्रिया: क पालथी असेल तर ख सुलटी करा, नाहीतर ख ला हात लावू नका. आता तिसरी वाटी ग पालथी घाला, 'क मधून ग' करा, मग 'ख मधून ग'. चारही प्रकार करून बघा. क आणि ख दोन्ही सुलट्या असतील तेव्हाच ग पालथी राहते. हेच नँड गेट, आणि नँडपासून सगळा डिजिटल संसार उभा राहतो. एचपीच्या गटाने 2010 मध्ये हे खऱ्या मेमरिस्टरवर करून दाखवलं. छर्ऱ्यांवर मी तीन रात्री घालवल्या, जमलं नाही. वाट्यांवरच करा. म्हणजे कॉम्प्युटरला जमतं ते सगळं मेमरिस्टरला जमतं.

उरलेल्या अर्ध्या भागासाठी परत नळी घ्या. टिचकी मारून विसरायला लावा, 470 पर्यंत शिकवा, रेझिस्टन्स काढा. हे दहा वेळा. माझे दहा आकडे 88 ते 131 ओहमच्या मध्ये कुठेही पडले. म्हणजे मी छातीठोकपणे 'साधारण शंभर' एवढंच म्हणू शकतो. वजनाचा एक अंकही धड भरवशाचा नाही.

हे महत्त्वाचं का, तर 1990 च्या दशकात हावा सीगलमन आणि एदुआर्दो सॉन्टाग यांनी सिद्ध केलं होतं की न्यूरल नेटवर्कची, म्हणजे अशा न्यूरॉनच्या जाळ्याची, वजनं दशांश चिन्हापुढे अनंत अंकांपर्यंत अचूक असली, तर ते ट्यूरिंगच्या यंत्रापलीकडचं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरपलीकडचं करू शकतं. गणित चोख आहे. फक्त तो अनंत अंकांचा आकडा नळीत भरायचा कोणी? बेंगळुरूच्या आयआयएससी, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने 2024 मध्ये रेणूंच्या मेमरिस्टरमध्ये 14 बिट साधले, म्हणजे 16,384 पायऱ्या. माझ्या छर्ऱ्यांपुढे तो स्वर्ग आहे, तरीही तो मोजून संपणारा आकडा आहे. आणि चालू हिशेबात गोंगाट शिरला तर ताकद उलट घटते: माआस आणि ओर्पोनेन यांनी 1998 मध्ये दाखवलं की तशा गोंगाटात हे नेटवर्क साध्या फायनाइट ऑटोमॅटनच्या, म्हणजे मोजक्याच अवस्था लक्षात ठेवणाऱ्या यंत्राच्या, वर जात नाही. 88 आणि 131 मधला फरक म्हणजे तो गोंगाटच.

भाचीला मी एवढंच म्हटलं, की हे काम कमी विजेत करेल, पण अशक्य ते शक्य करणार नाही. तिला ते पटलं नाही. "आकडे तुझ्या नळीचे वाईट आहेत मामा, गणिताचे नाहीत," म्हणाली, आणि तिने स्वतः दहा आकडे घेतले. माग बंद असताना, वाकळेवर, बोल्टला टेप गुंडाळून. तिचे 91 ते 112 आले. माझ्यापेक्षा बरे आहेत, हे कबूल करावं लागलं.

झाल्यावर छर्रे मशीन ऑइलच्या डबीत टाका. कोरडे ठेवलेत तर पहिल्या पावसातच गंज धरतात, आणि गंजलेले छर्रे भाऊ परत घेत नाही.