नवं गणित शाळेत रुजवायचं तर आधी चाचणीचा कागद बदला

नवा अभ्यासक्रम आला की प्रशिक्षण उरकतं, पुस्तकं येतात. चाचणीचा कागद मात्र जुनाच राहतो. मुलं त्या कागदाकडे बघून अभ्यास करतात, शिक्षकही त्याकडेच बघून शिकवतात. म्हणून 20 गुणांच्या घटक चाचणीत 5 गुणांचा एक व्यवहारातला प्रश्न आणि 3 गुणांचं ‘कारण लिहा’ घाला. बाकीचे 12 गुण नेहमीसारखेच ठेवा. सगळा कागद एकदम पालटला तर गुण घसरतात, पालक शाळेत येतात आणि मुख्याध्यापक माघार घेतात.

पहिल्या सत्रात एका इयत्तेला एकच प्रकरण पुरे. दहावीला वर्गसमीकरणं घ्या. रावेर-यावलकडच्या वर्गात केळीचा प्रश्न चालतो: एकरी 1500 खोडं बसवायची आहेत, दोन ओळींतलं अंतर दोन झाडांतल्या अंतरापेक्षा 1 फूट जास्त ठेवायचंय, तर दोन्ही अंतरं किती? एकर 43,560 चौरस फुटांचा, म्हणजे एका झाडाला 29.04 चौरस फूट. दोन झाडांतलं अंतर क्ष धरलं की समीकरण झालं क्ष² + क्ष = 29.04. इथे बरीच मुलं 43,560 ला नुसत्या अंतराने भागतात. त्यांना सूत्र सांगू नका. फळ्यावर शेजारच्या दोन ओळींतली चार खोडं काढा आणि मधला आयत कोणत्या झाडाचा ते विचारा. चौघांचा पाव-पाव वाटा दिसला की क्षेत्रफळ आपसूक येतं. क्ष साधारण 4.91. वावरात 4.91 फूट कोण मोजतो? 5 × 6 धरलं तर 1452 खोडं बसतात. 48 का घटली आणि ऋण उत्तर का सोडलं, यावर मुलं भांडली पाहिजेत. खरा तास तोच.

35 मिनिटांच्या तासिकेत प्रश्नाला 5, चौघांच्या गटाला 15, फळ्यावरच्या मांडणीला 10 आणि वहीला 5 मिनिटं द्या. गटात अहिराणी, भिली, पावरी जे येईल ते बोलू द्या. वहीत मांडणी पुस्तकाच्या भाषेत हवी. ‘पोर्शन मागे पडतो’ ही तक्रार येणारच, आणि ती खरी असते. सरावसंचातली एकाच साच्याची उदाहरणं निम्मी करा, तेवढा वेळ निघतो.

‘कारण लिहा’चे पहिले दहा पेपर दोन शिक्षकांनी वेगवेगळे तपासून गुण जुळवावेत. नाहीतर एक जण नुसत्या उत्तराला पूर्ण गुण देतो, दुसरा शून्य.

कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र नवं प्रकरण काढू नका. हजेरी घटते, आणि गटात झालेलं काम गैरहजर मुलाला वही उतरवून मिळत नाही.