लष्करी ट्रकवर जादा दिवे बसवताना

लष्कराने निकाली काढलेल्या ट्रकवर जादा दिवे बसवण्यापूर्वी त्याचा व्होल्टेज तपासावा, कारण यांतील बहुतेक गाड्या 24 व्होल्टवर चालतात आणि बाजारातले अनेक दिवे केवळ 12 व्होल्टचे असतात. 24 व्होल्टसाठी सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडलेल्या 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच 12 व्होल्ट घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. ती बॅटरी अर्धवट चार्ज राहते, दुसरी गरजेपेक्षा अधिक चार्ज होते आणि अखेरीस दोन्ही निकामी होतात. 10 ते 30 व्होल्टवर चालणारे एलईडी दिवे घेणे, हाच माझ्या मते सरळ मार्ग आहे.

प्रत्येकी 60 वॅटचे दोन दिवे 24 व्होल्टवर सुमारे 5 अँपिअर प्रवाह घेतात. त्यासाठी 10 अँपिअरचा फ्यूज पुरतो, मात्र तो बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच हवा, अन्यथा वायर वाटेत घासून चासीला टेकल्यास आग लागू शकते. रिले (स्विचच्या लहान प्रवाहावर दिव्यांचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा भाग) 24 व्होल्टच्या कॉइलचाच घ्यावा: 30 क्रमांकाच्या टोकाला फ्यूजमधून आलेली वायर, 87 ला दिवे, 86 ला स्विच आणि 85 ला अर्थ (चासीला जोडलेली वायर). अर्थच्या जागी रंगाचे जाड थर खरवडून लखलखीत धातू उघडा करावा आणि जोडणी आवळल्यावर वरून ग्रीस लावावे.

ब्रॅकेट पातळ पत्र्यावर न बसवता बंपरवर बसवावेत. छपरावरच्या दिव्यांचा उजेड बॉनेटवरून परतून चालकाच्या डोळ्यांवर येतो. नट नायलॉकचे (आत नायलॉनचे कडे असलेले, सहजी सैल न होणारे) वापरावेत आणि खडबडीत वाटेवरील पहिल्या फेरीनंतर ते पुन्हा आवळावेत. सार्वजनिक रस्त्यावर हे दिवे बंदच ठेवावेत.