भोसरीत गुरुवारी मशीनवर जाण्याआधी

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते, लाइन बंद असते, म्हणून मशीन चालवणारं लिनक्सवरचं नवं कंट्रोल चढवायला बहुधा तोच एक दिवस हाती लागतो. त्या दिवशी महावितरणची दुरुस्तीही निघते. वीज कधी जाणार ते आधीच विचारून ठेवा. बाकी सगळं बुधवारपर्यंत ऑफिसातच उरकायचं.

तपासणी खालच्या थरापासून करा. इथरकॅट (कंट्रोल, ड्राइव्ह आणि सेन्सर जोडणारं औद्योगिक नेटवर्क) असेल तर नेटवर्क कार्ड, ड्रायव्हर, मास्टर (हे नेटवर्क चालवणारं सॉफ्टवेअर), आणि सगळ्यात वर आपलं ॲप्लिकेशन. प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे लिनक्सला ठरल्या वेळेत काम करायला लावणारी सोय, २०२४ मध्ये मूळ लिनक्समध्ये आली, तरी कर्नल (लिनक्सचा गाभा) बांधताना तो पर्याय चालू केला होता का ते पाहा. मास्टरचा जेनेरिक ड्रायव्हर कुठल्याही कार्डावर चालतो, पण तो लिनक्सच्या नेटवर्क स्टॅकमधून जातो. खास ड्रायव्हर ठरावीक कर्नललाच बसतो, म्हणून आदल्या रात्री अपडेट अजिबात नको. बायोसमधले पॉवर सेव्हिंगचे पर्याय बंद करा, प्रोग्रामची मेमरी लॉक करा (म्हणजे ती डिस्कवर हलवली जाणार नाही), आणि कॉम्प्युटरवर भरपूर लोड टाकून सायक्लिकटेस्ट (कामाला किती उशीर होतो ते मोजणारा प्रोग्राम) रात्रभर चालू ठेवा. सकाळी सरासरी बघू नका, कमाल आकडा बघा. सायकल, म्हणजे डेटाची एक फेरी, १ मिलिसेकंदाची असेल तर त्या एका आकड्यावरच सगळं ठरतं.

वर्किंग काउंटर (फ्रेममधला, म्हणजे डेटाच्या पाकिटातला, किती मोड्यूलनी काम केलं ते सांगणारा आकडा) प्रत्येक सायकलला तपासला जातोय ना, हे कोड उघडून स्वतः वाचा. यावर माझा फार जोर आहे. एका कामात आम्ही तो तपासलाच नव्हता. एका मोड्यूलचा कनेक्टर सैल होता, फ्रेम परत येत होती, पण त्या मोड्यूलने तिच्यात काही भरलेलंच नव्हतं. मेमरीत जुनीच किंमत राहिली आणि ॲप्लिकेशन सेन्सर स्थिर आहे असं धरून चालत राहिलं. काउंटर अपेक्षेपेक्षा कमी आला की आउटपुट सुरक्षित स्थितीत नेणारा कोड हवाच. ऑफिसात केबल ओढून तो खरंच चालतो का ते पाहा. स्लेव्हचा (नेटवर्कवरच्या मोड्यूलचा) वॉचडॉग, म्हणजे डेटा थांबला की जागा होणारा टायमर, सहसा १०० मिलिसेकंदांनी जागा होतो; तोवर शंभर सायकली उलटलेल्या असतात.

बॅगेत ड्राइव्हच्या नेमक्या रिव्हिजनच्या ईएसआय फाइल (ड्राइव्हची माहिती मास्टरला सांगणाऱ्या), वायरशार्क (नेटवर्कवरच्या फ्रेम दाखवणारा प्रोग्राम) असलेला लॅपटॉप, जादा केबल.

ड्राइव्ह पहिल्यांदा ऑपरेशनलला (पूर्ण चालू स्थितीत) नेताना मोटरचं कपलिंग, म्हणजे मोटर मशीनला जोडणारा भाग, सुटं असू द्या. ते काढायला फिटर लागतो आणि गुरुवारी तेही सुट्टीवर असतात, म्हणून त्यांना बुधवारी दुपारीच फोन करा.