ब्राचं माप घरच्या घरी कसं घ्यावं

ब्लाऊज शिवताना टेलरने छाती ३६ लिहिली, की बऱ्याच जणी दुकानात जाऊन ‘छत्तीस द्या’ म्हणतात. चूक तिथेच होते. ब्लाऊजचं ३६ हे छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाचं माप. ब्रावरचा आकडा ठरतो स्तनांच्या खालच्या घेरावरून, कारण भार तोलायचा असतो खालच्या पट्ट्याने. तो सैल निघाला की पाठीवर वर सरकतो, मग आपण खांद्यावरच्या पट्ट्या आवळतो आणि संध्याकाळी खांद्यावर वळ उठलेले दिसतात.

शिवणकामाची मऊ टेप, आरसा आणि पॅड नसलेली पातळ ब्रा एवढं पुरे. टेप जुनी असेल तर आधी फूटपट्टीवर लावून पाहा, वापरून ती ताणली जाते. पाळीच्या आधी स्तन जड झालेले असतात, म्हणून पाळी संपल्यावर माप घ्या.

१. टेप स्तनांच्या अगदी खाली, बरगड्यांवरून फिरवा. श्वास सोडून घट्ट धरा, पण रुतू देऊ नका. पाठीमागे ती घसरलेली असते आणि समोरून कळत नाही; आरशात बाजूने पाहा, रेघ जमिनीला समांतर हवी.

२. आलेले इंच सम असतील तर ४ मिळवा, विषम असतील तर ५. खाली ३० इंच आले, तर पट्टा ३४.

३. आता टेप स्तनाग्रांवरून फिरवा. इथे आवळायचं नाही, टेप नुसती टेकलेली असावी. स्तन जड किंवा ओघळलेले असतील तर कमरेत थोडं वाकून माप घ्या, नाहीतर ते कमी येतं.

४. या मापातून पट्ट्याचा आकडा वजा करा. १ इंच उरला तर ए कप, २ बी, ३ सी, ४ डी. वर ३६ आले असतील तर ३६ वजा ३४, म्हणजे ३४बी.

म्हणजे टेलरचं ३६ आणि तुमची ३४बी, छाती तीच!

काही कंपन्या ४-५ मिळवत नाहीत. म्हणून खोक्यावर सेंटिमीटर दिले असतील तर तेच खरे धरा. भारतात ३४ म्हणजे बहुधा ७५ सेंटिमीटरचा, साधारण ७३ ते ७७ घेराचा पट्टा.

घालून पाहताना सर्वांत बाहेरचा, म्हणजे सैल हूक लावा. इलॅस्टिक पुढे ढिलं पडतं, आतले हूक तेव्हासाठी असतात. पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात घ्या आणि मगच आरशात पाहा; ही पायरी गाळली की मोठा कप लागत असूनही छोटा बसल्यासारखा वाटतो. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ नाही. हात वर केल्यावर पट्टा जागचा हलू नये. कपावर सुरकुत्या आल्या तर कप मोठा, वरून किंवा काखेतून मांस बाहेर येत असेल तर लहान. एक स्तन मोठा असणं अगदी सर्वसाधारण आहे. माप मोठ्याचं धरा आणि दुसऱ्या बाजूची पट्टी जरा आवळा.

पट्टा काचतोय पण कप नीट बसतोय, असं झालं तर ३४बीऐवजी ३६ए घ्या. पट्टा सैल असेल तर ३२सी. तिन्हींचा कप तेवढाच असतो, फक्त घेर बदलतो.

बाळंतपणानंतर, दूध तोडल्यावर किंवा वजनात चांगला फरक पडल्यावर टेप पुन्हा काढा.